आमची वाटचाल : तांबट आळीतला एक बंब

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईत कोकणातून आलेल्या कारागिरांची. आमचं घर त्यांतलंच. आजोबांना सगळे अण्णा म्हणत. बंब, घंगाळं, हंडे हा त्यांचा माल. १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुराचं पाणी कारखान्यात शिरलं, तेव्हा चिखलातून त्यांनी आधी हातोड्या शोधल्या, मग भांडी.

पुढे स्टील आलं. रुखवत स्टीलचं झालं, न्हाणीघरात गीझर बसले. बाबा अण्णांच्या हाताखाली तयार झालेले, पण यात पोट भरणार नाही हे त्यांनी विशीतच ओळखलं आणि स्टीलच्या भांड्यांचं दुकान टाकलं. त्या दिवसापासून अण्णा त्यांच्याशी बोलले नाहीत. जेवण एका पंगतीला, निरोप मात्र आजीमार्फत. बाबा चुकले असं मला आजही वाटत नाही. आमची शिक्षणं त्याच दुकानावर झाली.

अण्णांना गीझरचं पाणी चालत नसे. ते थकल्यावर बाबा रोज पहाटे उठून त्यांच्यासाठी तांब्याचा बंब पेटवू लागले. पाणी काढून ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. अण्णा गेले त्या सकाळीही बंब पेटलेला होता.

मी नोकरी सोडून पुन्हा तांब्याकडे वळलो तेव्हा बाबा भडकले. "जे सोडताना माझा बाप माझ्याशी बोलायचा थांबला, तेच तू धरतोस?" मग आमचंही बोलणं तुटलं. वर्षभर.

पहिलं मोठं काम दिव्यांच्या झुंबरांचं मिळालं आणि माझे पत्रे काठाला फाटू लागले. एका रात्री बाबा जिना उतरून आले. तुकडा हातात फिरवून म्हणाले, "ताप दिला नाहीस. ठोकून ठोकून तांबं ताठरतं. लाल होईस्तोवर तापव, मऊ पडलं की मग मठार, ओळीनं ठोके घाल." दुकानाच्या गल्ल्याखालून त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली अण्णांची हातोडी आणली. तिचं तोंड आरशासारखं लखलखत होतं. इतकी वर्षं ते गुपचूप घासत होते. तोंडावर एक चरा पडला तर तो प्रत्येक ठोक्यासरशी भांड्यावर उमटतो, हे त्यांनी मला त्या रात्री सांगितलं. मग तळाच्या मध्यापासून गोल गोल ठोक्यांच्या ओळी पहाटेपर्यंत घालून दाखवल्या.

आज आम्ही सहा जण आहोत. दिवे, घंगाळं, पाण्याचे जग करतो. बाबांचा अंगठा फिरल्याशिवाय एकही नग बाहेर जात नाही. स्टीलचं दुकान चालूच आहे, तिथल्या एका फळीवर आता आमचं तांबं असतं.

अण्णांचा बंब गिऱ्हाईकं नेहमी विकत मागतात. तो विकायचा नाही. गेल्या नरक चतुर्दशीला पहाटे तो मी पेटवला आणि बाबांचं पाणी काढून ठेवलं. पाटावर बसता बसता ते म्हणाले, "कढत आहे रे, विसण घाल."