सोलापूर–पुणे–सोलापूर: जुना पाच तारी बेस शोधताना

काळी एक किंवा काळी दोनमध्ये गाणारा गायक समोर आला की चार तारी बेस गिटारची मर्यादा लगेच कळते. त्याची सगळ्यात जाड तार ई, म्हणजे आपली पांढरी तीन. पांढरी सात, पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन या पाच पट्ट्यांचा खालचा सा त्याच्यावर नाहीच. तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि ढोलकी-ऑक्टोपॅडच्या गर्दीत टिकत नाही. पाचवी तार, बी ची, म्हणजे पांढरी सातची, ही उणीव भरून काढते. तानपुऱ्यात जो मान खर्जाच्या तारेला, तोच इथे हिला. म्हणून जुना पाच तारी बेस बघायला गेलात की आधी ही एक तार ऐका. रंग, लाकूड, ब्रँड सगळं नंतर.

शोधाची सुरुवात सोलापूरच्या नवी पेठेतून केली. दुकानांत हार्मोनियम, ढोलकी, तबला, साध्या गिटारी भरपूर; नवा चार तारी बेस एखादा; जुना पाच तारी कुठेच नाही. तरीही ही फेरी चुकवू नका, कारण तारा विकणाऱ्या दुकानदाराला पाचचा संच कोण नेतो हे पाठ असतं. विचारताना मात्र 'बेस आहे का' असं विचारू नका, तुम्हाला वूफर दाखवतील. 'पाच तारी बेस गिटार कोणाकडे पडून आहे का' असं विचारा. ऑर्केस्ट्रावाले, चर्चमधली गायन मंडळी, शिक्षण संपवून गाव सोडणारी होस्टेलची मुलं, यांच्याकडे वाद्य निघण्याची शक्यता जास्त. भीमजयंती, लग्नसराई, गणपती, नवरात्र या दिवसांत वाजवणारा माणूस वाद्य विकत नाही. जून-जुलै आणि दिवाळीनंतरचे दिवस शोधाला बरे.

गावात मिळालं नाही तर पुणे, हैदराबाद, बंगळूर अशी तीन दिशा मोकळ्या आहेत, तिन्हीकडे सोलापूरहून थेट गाडी आहे. आम्ही पुणे निवडलं, कारण एका दिवसात जाऊन येता येतं. कुरिअरने मागवायचा विचार मनातून काढून टाका. बी ची तार फोनवर ऐकू येत नाही. तिची मूळ कंपनसंख्या ३१ हर्ट्झच्या जवळ असते आणि फोनचा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही.

निघण्याआधी विक्रेत्याकडून फोटो मागवा, पण नेमके सांगून मागवा. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या असलेलं टोक, पुढून आणि मागून, अनुक्रमांक वाचता येईल असा. नेक, म्हणजे लांब दांडी, बॉडीला जोडलेली जागा दोन्ही बाजूंनी. ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा अडकतात तो भाग, अगदी जवळून, सॅडलचे (प्रत्येक तार टेकते त्या तुकड्याचे) स्क्रू दिसतील असा. बॅटरीचा डबा उघडून. आणि सगळ्यात उपयोगी फोटो म्हणजे बेस आडवा धरून ब्रिजच्या टोकाकडून नेकवर नजर टाकत काढलेला. त्यात नटाची (हेडस्टॉकजवळच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीची) रेघ आणि शेवटच्या फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीची) रेघ समांतर दिसायला हवी. शिवाय तीन प्रश्न विचारा: स्केल, म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी, ३४ इंची की ३५, तारा शेवटच्या कधी बदलल्या, सर्किट ऍक्टिव्ह (बॅटरीवर चालणारं) की पॅसिव्ह (बिनबॅटरीचं). उत्तर येत नसेल तर माणूस खोटा असतोच असं नाही, पण मग सगळी तपासणी तुम्हालाच करायची आहे. बेस हातात येण्याआधी टोकन म्हणून एक रुपयाही पाठवू नका.

मॉडेलांचं थोडक्यात: आयबानेझचे जीएसआर २०५ आणि एसआर ३०५, यामाहाचा टीआरबीएक्स ३०५, कॉर्टचा ऍक्शन मालिकेतला पाच तारी, स्क्वायरचा पाच तारी जॅझ बेस. या वर्गातले बेस डोळ्यांसमोर ठेवावेत, कारण त्यांचे सुटे भाग आणि माहिती दोन्ही मिळतात. आयबानेझचा नेक बारीक आणि ब्रिजवर तारा जवळजवळ असतात. चार तारीच्या १९ मिलिमीटर अंतराची सवय असलेल्या बोटांना तिथे आठवडाभर अडखळायला होतं. अंगठ्याने स्लॅप वाजवणाऱ्याने हे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजूनच घ्यावं.

पिशवीत काय होतं ते सांगतो, कारण यातली एकही वस्तू पडून राहिली नाही. क्लिपचा ट्यूनर. केबल. हेडफोनवर ऐकायचा छोटा ऍम्प आणि कान झाकणारा हेडफोन. नवी ९ व्होल्टची बॅटरी. मल्टिमीटर. ४ आणि ५ मिलिमीटरची ऍलन की ट्रस रॉडसाठी (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई), दीड आणि दोनची सॅडलसाठी. टॉर्च. १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. फिलर गेज, जो स्पार्क प्लगची फट मोजायला गॅरेजवाले वापरतात आणि ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतो. शिवाय १३० गेजची (०.१३० इंच जाडीची) एक कोरी बी ची तार. आणि एक जाड सोलापुरी चादर, तिचं काम परतीच्या वाटेवर.

सकाळी साडेसहाच्या सुमाराची हुतात्मा एक्सप्रेस धरली. पुण्याला सुमारे चार तास लागतात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास तीच गाडी परत निघते. म्हणजे हातात सात-साडेसात तास. एका बेसला तपासणीसाठी एक तास आणि प्रवासाला एक तास धरला तर तीनच बेस होतात. चौथा ठरवू नका. वंदे भारतनेही जाता येतं, पण ती आठवड्यातून एक दिवस नसते आणि वेळापत्रकंही बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी बघून घ्या. पुणे स्टेशनला मेट्रो आहे. वनाजकडे कोथरूडसाठी सरळ, पिंपरीसाठी सिव्हिल कोर्टला बदलायची. पहिला पत्ता स्टेशनजवळच्या कॅम्पातला घ्यावा आणि लांबचा मधे, म्हणजे शेवटी धावपळ होत नाही.

पहिला बेस दिसायला तिघांत देखणा होता. चकाकी तशीच, बॅगेवर धूळही नाही. नेकवर नजर टाकली तर बी च्या बाजूला बाक होता आणि जी ची, म्हणजे सगळ्यात बारीक तारेची, बाजू जवळजवळ सरळ. याला पीळ म्हणतात. सगळ्या लांबीवर सारखा बाक असेल तर ट्रस रॉड तो काढू शकतो. पीळ काढू शकत नाही. पाच तारीत पीळ जास्त दिसतो, कारण नेक रुंद असतो आणि दोन्ही कडांवर ताण सारखा नसतो. या एका दोषावर बेस सोडून द्यायचा, कितीही स्वस्त असला तरी. दहा मिनिटांत निघालो, आणि ते योग्यच झालं.

दुसऱ्याचा नेक चांगला होता, बी ची तार मात्र ढिली वाजत होती. इथे घाई करू नये, कारण ढिल्या बी ची चार वेगळी कारणं असतात आणि त्यातली तीन घरी दुरुस्त होतात.

आधी परीक्षा कशी घ्यायची ते. ट्यूनर लावून मोकळी बी जोरात छेडा. काटा आधी वर उडून मग सावकाश खाली येत असेल तर ताण कमी पडतोय. मग बी वर पाचव्या फ्रेटला ई वाजवा आणि लगेच मोकळी ई ची तार. दोन्ही एकच सूर. आवाजाची जाडी, उंची आणि टिकणं जवळपास सारखं हवं. दोन वेगळी वाद्यं वाजल्यासारखी वाटली तर कारण शोधायचं. हे हेडफोनवरच ऐका. आठ इंची स्पीकरच्या छोट्या ऍम्पवर बी चा मूळ सूर निघतच नाही, फक्त वरचे उपस्वर ऐकू येतात, आणि चांगला बेसही फुसका वाटतो.

कारणांपैकी पहिलं, जुनी तार. घाम आणि धूळ गुंडाळीत अडकली की जाड तार आधी मरते. दुसरं, पातळ तार. ३४ इंची स्केलवर १३० गेजच्या बी ला सुमारे १६ किलो ताण असतो, १०५ च्या ई ला त्याहून दोन-तीन किलो जास्त. १२५ ची बी लावली की तो आणखी घटतो. ३५ इंची स्केलवर तीच तार सुमारे सहा टक्के जास्त ताणली जाते. तिसरं, पिकअपची, म्हणजे तारेचा कंप पकडणाऱ्या चुंबकाच्या डबीची, उंची. शेवटच्या फ्रेटला दाबून बी आणि पिकअपमधलं अंतर ३ मिलिमीटरच्या आसपास, जी च्या तारेखाली २ च्या आसपास असावं. बी ची बाजू फार खाली गेली असेल तर स्क्रू फिरवून वर घ्या. चौथं कारण खुद्द बांधणीचं: नेकच्या सांध्यात फट, ढिले बोल्ट, नटाच्या खाचेत न बसणारी तार. बोल्ट आवळता येतात, नट बदलता येतो, पण सांधाच सैल कोरलेला असेल तर उपाय नाही.

विक्रेत्याच्या परवानगीने कोरी तार लावून पाहिली. तार न कापता, नुसती गुंडाळून. आवाज सुधारला, पण पाचव्या फ्रेटचा ई तरीही बसका. टॉर्च टाकला तेव्हा नेक आणि बॉडीमध्ये नखभर फट आणि आत कागदाच्या घड्या दिसल्या. त्या पातळ घड्यांनी नेकचा कोन बदलतात, ते एरवी चालतं. इथे मात्र बोल्ट पूर्ण आवळूनही नेक बाजूला हलत होता. तोही सोडला.

तिसरा, ३४ इंची, इंडोनेशियात बनलेला. बॉडीवर दोन टवके, तारा गंजलेल्या, पण नेक सरळ. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून आठव्या फ्रेटजवळ फिलर गेज घातला: ०.३५ मिलिमीटर. ०.२५ ते ०.४ मध्ये असेल तर उत्तम. ट्रस रॉडचं झाकण उघडून पाव फेरा सोडला आणि पाव फेरा परत घेतला. रॉडचा नट मोकळा फिरला. ही गोष्ट विचारूनच करा, पण केल्याशिवाय पैसे देऊ नका. आज बाक बरोबर असला आणि रॉड जाम असला, तर पहिल्या पावसाळ्यात अडाल. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की रॉड ताणतो आणि बाक कमी होतो. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर कधीही नाही.

बाराव्या फ्रेटला तारेची उंची बी कडे ३ मिलिमीटर, जी कडे २.२, थोडी जास्त, पण सॅडलमध्ये खाली यायला जागा होती. इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर खरा लागतो का हे, तपासताना बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे घ्यायचं. बी चं सॅडल सगळ्यात मागे जातं, तेव्हा तिथे मागे जायला जागा शिल्लक आहे का हे आधी पाहा. स्क्रू संपला असेल तर बी कधीच सुरात येणार नाही. जी च्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर लवकर विझतो. हा बऱ्याच बेसना असतो, त्यावरून नाकारू नका.

ऍक्टिव्ह बेसची बॅटरी मोजली: ६.८ व्होल्ट. एवढ्यावर आवाज फाटतो आणि विक्रेत्यालाही वाटतं सर्किट गेलं. नवी टाकली, आवाज साफ. अशा बेसमध्ये केबल जॅकमध्ये घातली की बॅटरी चालू होते, म्हणून कार्यक्रम संपल्यावर केबल काढून ठेवा. डब्यातली स्प्रिंग हिरवी झाली असेल तर बॅटरी गळलेली आहे, आतल्या वायरी बघा. टोनचं बटण खरखरत होतं, ते कॉन्टॅक्ट क्लीनरने जातं. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर काळजी नाही. हात लावल्यावर वाढली तर आधी घरातलं अर्थिंग आणि मग ब्रिजची अर्थची तार तपासा.

मागणी १८,००० ची होती. तारांचा नवा संच, बॅटरी आणि सेटअप यांचा खर्च समोर मांडला आणि १५,५०० वर ठरलं. घासाघीस अशीच करावी: दोष दाखवून, किंमत सांगून. उगाच नावं ठेवून नाही. विकणाऱ्याचाही त्या वाद्यावर जीव असतो. साध्या कागदावर मॉडेल, अनुक्रमांक, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या घेतल्या. चोरीचं वाद्य नाही याचा तेवढा तरी पुरावा हवा.

परतीला तारा पूर्ण सोडू नका. ताण एकदम गेला की रॉड नेकला मागे ओढतो. बेस सोबत असेल तर सोडायची गरजच नाही. मालात जाणार असेल तर दोन सूर उतरवा, बस. हेडस्टॉकखाली चादरीची घडी, उरलेली बॉडीभोवती, मग बॅग. डब्यात वरच्या रॅकवर लांबीला बसतो, वर कोणाची ट्रंक येणार नाही एवढं बघायचं. गाडीने जाणार असाल तर उन्हाळ्यात डिकीत ठेवू नका.

घरी आणल्यावर सात दिवस काही करू नका. पुणे-मुंबईच्या हवेतून सोलापूरच्या कोरड्या हवेत आलेलं लाकूड आकसतं. फेब्रुवारी ते मे दरम्यान तर फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात, हात फिरवला की खरखरतात. ती लगेच घासलीत तर पावसात पुन्हा वेगळी बसतील. लाकूड स्थिरावू द्या, मग बारीक कानशीने टोकं गोल करा. रोझवूडच्या फिंगरबोर्डला वर्षातून दोनदा लेमन ऑइलचा पातळ हात द्यावा. लॅकर असलेल्या मेपलला तेल लावायचं नाही. आठवड्यानंतर ४५-६५-८५-१०५-१३० चा संच, मग सूर, मग ट्रस रॉड, मग सॅडलची उंची, मग इंटोनेशन, शेवटी पिकअप. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते. जूनचा पहिला मोठा पाऊस झाल्यावर पुन्हा फिलर गेज काढा. बाक वाढलेला असेल तर रॉड पाव फेरा ताणा.