तुम्ही विचारलेत म्हणून : ‘ऑलदो’नंतर ‘बट’ का नको?

नागपुरात मी गेली काही वर्षे नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवतो आणि जवळपास प्रत्येक तुकडीत मला हा प्रश्न येतोच : ‘सर, ‘ऑलदो’ने वाक्य सुरू केले, तर पुढचा ‘बट’ तुम्ही का खोडता?’

याचे मूळ आपल्या मराठीत आहे. ‘जरी पारा ४५ अंशांवर गेला, तरी सीताबर्डीची गर्दी हटत नाही’ असे आपण म्हणतो. ‘जरी’ कानावर पडला की ‘तरी’ येईपर्यंत वाक्य अधांतरी राहते. म्हणून इंग्रजी लिहितानाही हात ‘तरी’ची जागा शोधतो आणि तिथे ‘बट’ बसवतो. इंग्रजी मात्र ही खूण एकदाच करते : ‘ऑलदो इट वॉज हॉट, द मार्केट वॉज फुल.’ ‘बट’ हवाच असेल, तर ‘ऑलदो’ काढावा. ‘तरी’वाचून अगदीच चैन पडत नसेल, तर दुसऱ्या ‘वॉज’नंतर ‘स्टिल’ घालावा. तो व्याकरणात बसतो.

‘डिस्पाइट’ची गोष्ट निराळी आहे. एका विद्यार्थिनीने वहीत ‘डिस्पाइट ऑफ इट वॉज हॉट’ असे लिहिले होते. त्यातला ‘ऑफ’ ‘इन स्पाइट ऑफ’मधून आला होता, हे उघड होते, पण मी लाल पेन उचलण्याआधी तिला तेच मराठीत म्हणायला सांगितले. ती चटकन म्हणाली, ‘एवढे ऊन असूनही.’ उत्तर तिच्याच तोंडी होते. जिथे आपण ‘असूनही’ म्हणतो, तिथे ‘डिस्पाइट’ शोभतो आणि त्याच्यापुढे अख्खे वाक्य येत नाही, नाम किंवा ‘आयएनजी’चे रूप येते : ‘डिस्पाइट द हीट’, ‘डिस्पाइट बीइंग टायर्ड’.

‘पाऊस आला तरी मी येईन’ यात पाऊस अजून यायचा आहे, म्हणून ‘इव्हन इफ’. ‘पाऊस होता तरी मी आलो’ यात तो खरोखर होता, म्हणून ‘इव्हन दो’.

‘हाउएव्हर’ म्हणजे आपला ‘तथापि’. तो अर्जात, अहवालात जरूर लिहावा. चहा घेताना तो फार जड होतो, आणि मला सर्वांत जास्त तळमळ याचीच वाटते, कारण व्याकरण अचूक असलेली माणसेही त्याच्यामुळे परकी वाटू लागतात. बोलताना इंग्रज माणूस ‘दो’ शेवटी टाकतो : ‘द रूम इज स्मॉल. इट्स कूल, दो.’ वर्गात हे अवघड वाटते, तेव्हा मी विचारतो की, कूलर लावलेली भाड्याची खोली दाखवताना आपण काय म्हणतो? ‘खोली लहान आहे. थंड आहे पण.’