गॅलरीची सळी वरच का?

"साहेब, गॅलरी एक फूट वाढवून द्या ना" हे ऐकलं नाही असा साइट इंजिनिअर शोधून दाखवा. एका फुटाने काय होतंय, असं मालकाला वाटतं, म्हणून जरा हिशोबच करू. गॅलरी 1.2 मीटर बाहेर, स्लॅबचं वजन, टाइल्स, माणसं सगळं मिळून चौरस मीटरला 8 किलोन्यूटन (साधारण 800 किलोचं वजन) धरा, तर एक मीटर रुंदीच्या पट्टीत भिंतीपाशी शिअर (स्लॅब उभा कापू पाहणारं बळ) येतो 9.6 किलोन्यूटन आणि मोमेंट (स्लॅब वाकवू पाहणारा जोर) 5.76 किलोन्यूटन-मीटर. तीच एक फूट वाढवून 1.5 मीटर केली की शिअर 12, म्हणजे पाव पटच वाढला, पण मोमेंट डायरेक्ट 9! दीडपटीच्या वर, कारण त्यात लांबीचा वर्ग येतो. आणि विटांचा कठडा तर अगदी टोकाला हवा असतो, तो मी यात धरलेलाच नाही.

आता खरी गंमत. खोलीतला स्लॅब मधे खाली वाकतो म्हणून ताण खालच्या बाजूला येतो आणि मेन सळी खाली जाते. गॅलरी बाहेरच्या टोकाला झुकते, तिथे वरची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाबाला दणकट पण ताणाला अगदीच लेचंपेचं (दाबाच्या जेमतेम एक दशांश), त्यामुळे सळी वरच पाहिजे आणि ती आतल्या स्लॅबमध्येही लांबवर गेली पाहिजे.

ड्रॉइंगमध्ये हे सगळं बरोबर असतं हो, वाट लागते ती ओतकामाच्या दिवशी. घमेली घेऊन माणसं त्याच वरच्या सळ्यांवरून ये-जा करतात, खाली चेअर (वरची सळी उचलून धरणारे सळीचेच छोटे टेकू) नसतील तर सळी दबते आणि वरून काँक्रीट पडलं की कुणाला काही दिसत नाही. 125 मिमीच्या स्लॅबमध्ये वरची सळी तळापासून साधारण 100 मिमीवर असते, ती 40 मिमी दबली की गॅलरीची मोमेंट घ्यायची ताकद साधारण चाळीस टक्के गेली, आणि सळी मात्र मोजून तेवढीच, बिलातपण तेवढीच! चेअरचे दोन पैसे वाचवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरशी माझं यावरून कायम वाजतं.

अजून एक, स्लॅबखालचे टेकू काढताना बाहेरच्या टोकापासून आत भिंतीकडे यायचं. भिंतीजवळचे आधी काढले तर टोकाचा टेकू तसाच राहतो, गॅलरी दोन बाजूंनी टेकल्यासारखी मधे खाली वाकायला बघते, आणि तिथे खाली सळी कुठंय?