मागच्या वर्षीचं पुस्तक, पहाटे साडेपाचला

न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा दारव्ह्याकडच्या आमच्या गावात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात डोकं शांत ठेवून बसता येईल अशी वेळ तेवढीच. नऊला ऊन चटकायला लागतं आणि नवतपात तर दुपारी अंगणात पायही ठेववत नाही. म्हणून माझी भाची पहाटे खाटेवर वही घेऊन बसते आणि मी इकडे जेवणं आटोपून फोन लावते. तिची नववी झाली. जूनअखेर शाळा उघडली की दहावी.

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या मुलाची आठवी संपली. इथं हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. सुट्टी लागायच्या आधी शाळेनं त्याच्या हाती दोन गोष्टी दिल्या: पुस्तकांची एक यादी आणि गणिताच्या कागदांचा गठ्ठा. गठ्ठा चाळला तर त्यात नववीचं एकही गणित नाही! अपूर्णांक, ऋण संख्या, शेकडेवारी, कंस सोडवणं, साधी समीकरणं. सगळं सहावी ते आठवीचं. सुट्टी दहा आठवड्यांची, तेवढ्यात मुलं शिकलेलं विसरतात, हे शिक्षकांना पक्कं ठाऊक असतं. सप्टेंबरात शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच कागदांवर चाचणी झाली.

मला आमची पोरं आठवली. आपल्याकडे दहावीच्या आधीची सुट्टी म्हणजे व्हॅकेशन बॅच. एप्रिलपासूनच पुढच्या वर्षीचे धडे सुरू. दादाही तेच म्हणाला, "मागचं कायले उकरून राहिली तू? पुढचं शिकव तिले." मी त्याला म्हटलं, पंधरा दिवस दे, मग बोल.

पहिल्या दिवशी तिला तीन चतुर्थांश अधिक दोन पंचमांश विचारलं. उत्तर आलं पाच नवमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी म्हटलं, तीन चतुर्थांश म्हणजे पाऊण, पाच नवमांश म्हणजे अर्ध्याहून जरासंच जास्त. पाऊणात अजून भर घातली तर उत्तर कमी कसं होईल? ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आत्या, हे तं मले येत होतं. आता काहून नाही येऊन राहिलं?" छेद सारखा करून तिनं स्वतःच २३ विसांश काढले. पोरगी हुशार आहे. नववीत ८० टक्के आहेत तिला. दहावीत वर्गसमीकरणं येतील, त्यात अवयव पाडावे लागतील आणि तिथं ऋण चिन्ह चुकलं की पुढचं सगळं पान चुकतं. त्या चुकीचं मूळ सातवीत असतं आणि ते दहावीच्या बॅचमध्ये कुणी शोधत बसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आमचा गठ्ठा म्हणजे तिचीच जुनी पुस्तकं. सातवी-आठवीची शेजारच्यांना दिली होती, तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेतली. रोज दहा उदाहरणं, वीस-पंचवीस मिनिटं. चुकलेलं उदाहरण लाल पेनानं वेगळ्या वहीत लिहायचं आणि चार दिवसांनी पुन्हा सोडवायचं. ती लाल वही सगळ्यात मोलाची.

वाचनासाठी मुलाच्या शाळेची एक पद्धत तशीच उचलली. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे पुस्तकातलं थांबवणारं वाक्य, उजवीकडे त्यावर आपल्याला काय वाटलं ते. सारांश नाही, कारण सारांश कुणाचाही उतरवता येतो. पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयातून येतात. दादा बाजाराच्या दिवशी बदलून आणतो. सांजवेळी ती माझ्या मायला मोठ्यानं वाचून दाखवते. मायला अक्षरओळख नाही, पण कुरड्यांचे गहू निवडता निवडता ती मधेच विचारते, "मंग त्या बाईनं असं काहून केलं?" उजव्या बाजूची निम्मी पानं मायच्या प्रश्नांनी भरली आहेत.

परवा आबांनी एक गणित घातलं. एकरभर वावरात कपाशी चार फूट बाय दोन फुटावर लावायची, तर झाडं किती? एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, एका झाडाला ८ चौरस फूट, म्हणजे ५,४४५. आबा म्हणाले, साडेपाच हजार धरतो आम्ही. मग त्यांनीच पुढं विचारलं, शंभरात दहा उगवल्या नाहीत तर त्या रिकाम्या जागा, म्हणजे नांग्या, भरायला किती बिया? भाचीनं ५४४.५ काढलं आणि अर्धी बी कशी लावायची म्हणून ५४५ केलं. तोंडी.

दादा तिथंच दात घासत उभा होता. बॅचचं नाव त्यानं काढलं नाही.

तेच गणित मी इकडे मुलाला घातलं. अमेरिकेत जमीन अजून एकरात आणि फुटातच मोजतात, त्यामुळे आकडे त्याला ओळखीचे होते. उत्तर काढून झाल्यावर त्यानं विचारलं, "आई, नांग्या म्हणजे काय?" मी भाचीला फोन लावून त्याच्या हाती दिला.