‘फोर बाय फोर’ या पाटीवर गाडी घेऊ नका

भाड्याने गाडी देणाऱ्याने करारात ‘फोर बाय फोर’, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, असे स्वच्छ लिहून दिले होते आणि मागच्या दारावर तशी चकचकीत पाटीही होती. ती गाडी निसरड्या डांबरी रस्त्यापलीकडे फारशी कामाची नाही, हे मात्र आम्हाला कोरड्या नदीपात्रात कळले. त्याआधीचा पठारावरचा प्रवास आणि तिथले मुक्काम सुखाचे झाले, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

पात्र ओलांडून पलीकडच्या काठावर जाणारी वाट जेमतेम अर्ध्या किलोमीटरची होती, पण तिने अख्खी दुपार खाल्ली. आधी भुसभुशीत वाळू, मग गोटे आणि शेवटी पावसाने खोल चर पाडलेला चढ. अशा चरांत पुढचे एक चाक आणि त्याच्या तिरक्या बाजूचे मागचे चाक अधांतरी झाले, की साध्या डिफरन्शियलमुळे (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारी यंत्रणा) हवेतलीच चाके गरगर फिरतात आणि जमिनीवरची ढिम्म हलत नाहीत. त्यातच या गाडीची मागची चाके एका क्लचमार्फत चालत होती. तो वाळूत तापला की स्वतःला वाचवण्यासाठी सुटत असे आणि उरत असे ती निव्वळ पुढच्या चाकांवर चालणारी जड मोटार. थांबा, गार होऊ द्या, पाच मीटर चढा, पुन्हा थांबा. अखेर एका ट्रकवाल्याने ओढून वर काढले आणि अडलेल्या माणसाकडून जेवढे घेता येतील तेवढे पैसे घेतले. पुढे भाडेवाल्याने गाडीच्या पोटाला लागलेल्या माराचे पैसे वेगळे लावले, कारण विम्यात गाडीचे पोट आणि टायर धरलेलेच नव्हते. करारातले हे कलम सही करण्याआधी वाचावे.

माझे मत स्पष्ट आहे: लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारा जादा गिअर) असलेली ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी, नसेल, तर ती गाडी दुर्गम भागासाठी नाही. वाळू, चिखल, खडक अशी चित्रे असलेले बटण त्याची जागा घेत नाही. लो रेंजमध्ये इंजिन न गुदमरता गाडी चालत्या माणसाच्या वेगाने चढते, आणि उतारावर ब्रेक न तापवता उतरते. मागच्या डिफरन्शियलला लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्रच फिरवणारी सोय, असेल तर वर सांगितलेला चराचा प्रश्न बहुतांशी सुटतो. दोन्ही गोष्टी ताबा घेतानाच, कच्च्या जागेवर, स्वतः लावून पाहाव्यात.

दुसरा मुद्दा वजनाचा. सुझुकी जिम्नीत लॅडर फ्रेम (शिडीसारखा मजबूत सांगाडा), अखंड अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध आस), लो रेंज हे सगळे आहे, पण चौघे, तंबू आणि साठ लिटर पाणी, म्हणजे साठ किलो, हे तिचे काम नव्हे; दोघांसाठी ती उत्तम. 1984 पासून बनत असलेली टोयोटाची लँड क्रूझर 70 आजही मागितली जाते, ती आरामासाठी नव्हे, तर ओझे पेलते आणि साध्या अवजारांनी दुरुस्त होते म्हणून. टपावरचा तंबू मला मुळीच पटत नाही. तिरक्या उतारावर तेवढे वजन उंचावर असणे जिवावर बेतू शकते.

वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधली हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवावी आणि ती परत भरायला कंप्रेसर जवळ ठेवावा. टायरच्या कडेला चीर गेली तर पंक्चरचा दोरा उपयोगी पडत नाही, म्हणून स्टेपन्या दोन हव्यात, त्याही पूर्ण मापाच्या. शिवाय जॅकखाली घालायला जाड, रुंद फळी घ्यावी, नाहीतर वाळूत गाडीऐवजी जॅकच खाली जातो.