चौकोनी खांब लावला, गोल निघाला

काकींनी बोलावलं ते शिव्या द्यायलाच. "सागाचे पैसे घेतलेस आणि लावलंस काय रे?" पडवीचा तो खांब मीच बसवलेला, सात वर्षांपूर्वी. वरून ऑइलपेंट चकचकीत; पण हातोडीने ठोकलं तर बद्द आवाज आला, आणि स्क्रूड्रायव्हर कोपऱ्यात मुठीपर्यंत गेला.

तुळईला जॅक लावून खांब मोकळा केला, अंगणात आडवा टाकला. रंगाचा पापुद्रा सोलला तशी माती आणि वाळवी भळाभळा सांडली. झाडून काढल्यावर बघतच राहिलो. सहा इंची चौकोनी लावला होता, हाती आला तो गोल! चारही कोपरे फस्त, मधला गाभा मात्र जसाच्या तसा. पटाशी चालवली तर आत सोनेरी तपकिरी, तेलकट, चामड्यासारखा वास.

लाकूड सागच होतं. खोट माझ्यात होती. झाड कोवळं, गोल ओंडक्यातून चौकोन काढताना कोपऱ्यांना सालीखालचं पांढरं लाकूड राहिलं. ते तासायचं तर खांब बारीक होणार, म्हणून रंग फासून झाकलं. औषधसुद्धा मारलं नाही. पांढऱ्यात ते चांगलं मुरतं. गाभ्यातल्या नळ्या बुजलेल्या, तिथे ते शिरतच नाही.

पांढरं म्हणजे झाडाचं कामाचं लाकूड. पाणी त्यातूनच वर चढतं, खाऊही तिथेच साठतो, आणि वाळवीला तोच हवा असतो. आतल्या थरांचं काम संपलं की त्यांच्या पेशी मरतात, पण मरण्याआधी त्यांत राळ, तेलं, कडू द्रव्यं भरून ठेवतात. सागात टेक्टोक्विनोन नावाचं असंच एक द्रव्य असतं, ते वाळवीला सोसत नाही.

"म्हणजे मेलेलं टिकतं नि जितं कुजतं?" काकींना ते काही पटेना. मी परड्यातला रायवळ आंबा दाखवला. खोडात एवढी ढोली की पोरं लपाछपीला आत शिरतात, तरी दरवर्षी मोहोर येतोच. गाभा गेला, पाणी चढवणारं बाहेरचं कडं शाबूत आहे ना!

शेजारचा खांब त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वेळचा. अंगावर अजून वाकसाचे घाव दिसतात, पांढरं तासून काढल्याचे. सात वर्षांपूर्वी त्याच्याच बाजूला उभं राहून मी माप घेतलं होतं.

नवा खांब माझ्या खर्चाने बसवला. जुन्याचा गोल गाभा न्यायला लागलो तर काकींनी अडवलं. आता त्याला म्हैस बांधतात.