बाकं भिंतीला सरकवली

आज हर्णैच्या आमच्या शाळेत सातवीचा वर्ग खाली गोल करून बसवला. परवा बंदरावर एका मुलीचे वडील म्हणाले होते, "सर, आमच्यात पूर्वी मशिदीत खांबाला टेकून उस्ताद बसायचे, भोवती मुलं. त्याला 'हलका', म्हणजे वर्तुळ, म्हणतात." आठव्या शतकात इराकमधल्या कूफ्यात इस्लामी कायद्याचे पंडित इमाम अबू हनीफा शिष्यांशी चर्चा करत, त्यांना वाद घालू देत शिकवायचे, ते आठवलं.

विषय भरती-ओहोटीचा. एरवी मान वर न करणारी ती पोर म्हणाली, "सर, अवसेला चंद्र दिसतच नाही, मग उधाण कसं येतं?"

मी गप्प राहिलो. मुलंच भांडली, खडूने फरशीवर गोळे काढले. शेवटी मागून आवाज आला, "सूर्य पण त्याच बाजूने ओढतो ना!"

किती आनंद झाला सांगू! घंटा झाली तरी कुणी उठेना.